वऱ्हाड टेम्पोत चढवू नका

लग्नसराई सुरू झाली. हळदीला जायचंय, वऱ्हाड न्यायचंय, आणि दारात टेम्पो येऊन उभा आहे. तुम्ही हौद्यात सतरंजी अंथरता. आजीला आणि लेकरांना अगदी पुढे, केबिनच्या पत्र्याला टेकवून बसवता, कारण तिथे हादरे कमी बसतात. मायेपोटीच करता. पण जरा थांबा. करकचून ब्रेक लागला, तर सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो.

एखादी दुचाकी आडवी येते. चालक ब्रेकवर उभाच राहतो. टेम्पो जागच्या जागी थांबतो, पण आतली माणसं होती त्याच वेगाने पुढे जातात. धरायला दांडा नाही, पट्टा नाही, पाय रोवायला जागा नाही. मागची वीस-पंचवीस माणसं, रुखवताचं कपाट, आचाऱ्याची पातेली, सगळं पुढच्यांच्या अंगावर येतं. गाडी ४० च्या वेगात झाडावर आदळली, तर केबिनच्या पत्र्यावर आपटणं म्हणजे दोन मजल्यांवरून खाली पडणं. आणि ४० ला आपण म्हणतो, ‘हळूच तर चाललीय!’

म्हणून आजच एसटीच्या आगारात जा. प्रासंगिक करारावर गाडी मागा. करार परवडत नसेल, तर नेहमीच्या एसटीने निघा. तिथे बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तेही नाही. तरीही हिशेब जुळत नसेल, तर डीजे रद्द करा. (त्याने कुणाचं लग्न मोडल्याचं ऐकिवात नाही.)

घाटात तर आणखी भीती. पोरं हौद्यात उभी राहतात, फाळक्यावर बसतात. माणसं उभी राहिली की गाडीचा भार वर सरकतो, आणि उतारावरच्या वळणाला जरा वेग जास्त झाला की गाडी आडवी होते. मामा, काका, तुमचा शब्द पोरं मोडत नाहीत. त्यांना खाली उतरवा. चालकदादा, गाडी तुमच्या हातात आहे. तुम्हीही ठाम नाही म्हणा.

आणखी एक गोष्ट घरात बोलून ठेवा. मालवाहू गाडीत नुसते प्रवासी म्हणून बसलेल्यांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं आहे. म्हणजे कमावता माणूस गेला, तर मागे राहिलेल्या बाईने लेकरं घेऊन टेम्पोमालकाच्या मागे कोर्टाची पायरी चढायची. त्या मालकाकडे तरी काय असतं? बहुतेकदा तोच एक टेम्पो, तोही कर्जाचा.

तेव्हा मुहूर्ताची वाट बघू नका. आज रात्रीच सोयऱ्यांना फोन करा, गाडीचं पक्कं करा. सकाळी दारात टेम्पो आलाच, तर त्यात भांडी जाऊ द्या, कपाट जाऊ द्या. आजी चढून बसली असेल, तर हात देऊन तिला खाली घ्या.