विश्लेषण : पोटाच्या कर्करोगात गाठीच्या ‘खुणा’ आयुष्याचे भाकीत करू शकतात का?

पोटाच्या म्हणजेच जठराच्या कर्करोगाचे निदान झाले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती दिवस?’ याचे उत्तर डॉक्टर आजवर गाठ किती पसरली आहे, हे पाहून देत आले. आता बायोप्सीच्या अहवालात हर-टू, एमएसआय, पीडी-एल१, क्लॉडिन १८.२ अशी नावे दिसू लागली आहेत. गाठीतील जनुके आणि प्रथिने यांच्या या खुणांवरून औषध ठरते आणि काही अंशी आयुर्मानाचा अंदाजही बांधला जातो. मात्र अंदाज म्हणजे निकाल नव्हे. या खुणा काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि आपल्याकडे किती जणांच्या वाट्याला येतात, याचा हा आढावा.

हा आजार किती गंभीर?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ९ लाख ६८ हजार जणांना जठराचा कर्करोग झाला आणि सुमारे ६ लाख ६० हजार जण त्याने दगावले. नवे रुग्ण आणि मृत्यू या दोन्हींत तो पाचव्या क्रमांकावर आहे. भारतात दरवर्षी साधारण ६० हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. देशात सर्वाधिक प्रमाण मिझोराममध्ये, विशेषतः ऐझॉल जिल्ह्यात आहे. तंबाखू, धुरावर वाळवलेले मांस आणि खारवलेले पदार्थ यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. जगभरात मात्र सर्वात मोठे कारण आहे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जठरात तळ ठोकणारा जिवाणू. त्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

केवळ ‘स्टेज’ कळणे पुरेसे का नाही?

गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली, किती लसिका ग्रंथींत पोहोचली आणि यकृत किंवा इतर अवयवांत पसरली का, यावरून आजाराचा टप्पा ठरतो. आयुर्मानाचा सर्वात भरवशाचा निकष आजही हाच आहे. पण एकाच टप्प्यावरचे, एकाच वयाचे, सारखेच उपचार घेतलेले दोन रुग्ण असतात. एक पाच वर्षांनी ठणठणीत असतो, दुसऱ्याचा आजार वर्षभरात उलटतो. याचे उत्तर टप्प्यात सापडत नाही.

फिनलंडचे पेक्का लॉरेन यांनी १९६५ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दोन मुख्य प्रकार वेगळे केले होते. एकात पेशी आतड्यासारख्या नळ्या करून राहतात. दुसऱ्यात त्या एकमेकींपासून सुट्या होऊन भिंतीत विखुरतात. दुसरा प्रकार अधिक चिवट असतो आणि तरुणांमध्येही दिसतो. एकाच नावाखाली एकाहून अधिक आजार दडले आहेत, याची ती पहिली ठोस जाणीव होती.

गाठीचे चार प्रकार कोणते?

२०१४ मध्ये अमेरिकेतील ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ प्रकल्पाने २९५ गाठींचा जनुकीय अभ्यास करून चार गट मांडले. सुमारे ९ टक्के गाठींत एपस्टाइन-बार विषाणूचा अंश होता. सुमारे २२ टक्के गाठींत डीएनएची नक्कल होताना घडणाऱ्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. यालाच ‘एमएसआय’ म्हणतात. साधारण २० टक्के गाठींत गुणसूत्रे बऱ्यापैकी स्थिर होती आणि त्यांत विखुरलेल्या प्रकारच्या गाठी जास्त होत्या. उरलेल्या निम्म्या गाठींत गुणसूत्रांची मोठी उलथापालथ होती.

पुढच्याच वर्षी आशियाई रुग्णांच्या ३०० गाठींवर झालेल्या अभ्यासाने थोडी वेगळी विभागणी केली आणि ती थेट आयुर्मानाशी जोडली. एमएसआय गटातील रुग्ण सर्वाधिक जगले. ज्या गाठींतील पेशी आपली चिकटून राहण्याची वृत्ती सोडून भटक्या झाल्या होत्या, त्या गटाची स्थिती सर्वात वाईट होती. दोन्ही अभ्यासांचे गट तंतोतंत जुळत नाहीत. तरी गाठीचा स्वभाव तिच्या जनुकांत वाचता येतो, हे दोन्हींनी दाखवले.

भाकीत सांगणारी खूण आणि औषध सुचवणारी खूण, यांत फरक काय?

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. काही खुणा आजार कसा वागेल, हे सांगतात. काही खुणा अमुक औषध लागू पडेल का, हे सांगतात. एकच खूण कधी दोन्ही कामे करते आणि कधी दोन्ही उत्तरे परस्परविरोधी वाटतात.

एमएसआयचे उदाहरण बोलके आहे. शस्त्रक्रिया झालेल्या १,५५६ रुग्णांच्या चार चाचण्यांतील माहिती एकत्र करून २०१९ मध्ये विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात एमएसआय असलेले १२१ जण होते. त्यांच्यापैकी सुमारे ७७ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. इतरांत हे प्रमाण ५९ टक्के होते. म्हणजे भाकीत चांगले. पण याच १२१ जणांत शस्त्रक्रियेसोबत केमोथेरपी घेतलेल्यांचे पाच वर्षांचे प्रमाण ७५ टक्के, तर फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांचे ८३ टक्के होते. संख्या लहान असल्याने केमोथेरपीने नुकसान होतेच, असे म्हणता येत नाही. मात्र फायदा दिसला नाही, हे खरे.

उलट हीच खूण इम्युनोथेरपीला चांगला प्रतिसाद मिळण्याची शक्यता दाखवते. चुकांनी भरलेली गाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीला ‘परकी’ म्हणून ओळखता येते. फ्रान्समधील एका छोट्या चाचणीत अशा रुग्णांना शस्त्रक्रियेआधी इम्युनोथेरपी दिली गेली. शस्त्रक्रिया झालेल्या २९ पैकी १७ जणांच्या काढलेल्या भागात कर्करोगाची एकही जिवंत पेशी सापडली नाही.

कोणत्या खुणेने प्रत्यक्षात किती फरक पडतो?

आजार पसरलेल्या रुग्णांसाठी सध्या चार खुणा महत्त्वाच्या मानल्या जातात. त्यातील एमएसआय वर आलीच आहे.

हर-टू : स्तनाच्या कर्करोगामुळे परिचित झालेले हे प्रथिन जठराच्या काही गाठींतही वाढलेले असते. २०१० च्या ‘टोगा’ चाचणीत केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅबची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले. ज्यांच्या गाठीत प्रथिनाचे प्रमाण जास्त होते, त्यांच्यात ते ११.८ वरून १६ महिन्यांवर पोहोचले.

पीडी-एल१ : या प्रथिनाच्या आडून गाठ प्रतिकारशक्तीला चकवते. ‘चेकमेट ६४९’ चाचणीत हे प्रमाण ठरावीक पातळीहून जास्त असलेल्या रुग्णांत निव्होलुमॅबच्या जोडीने मध्यक आयुर्मान ११.१ वरून १४.४ महिने झाले.

क्लॉडिन १८.२ : पेशींना सांधणारे हे प्रथिन गाठीत उघडे पडते. त्याला लक्ष्य करणाऱ्या झोल्बेटुक्सिमॅबच्या ‘स्पॉटलाइट’ चाचणीत आयुर्मान साधारण १५.५ वरून १८.२ महिने झाले. जपान आणि अमेरिकेने २०२४ मध्ये हे औषध मंजूर केले.

हर-टूची खूण आज औषधाच्या निवडीसाठी निर्णायक आहे. पण उपचार बाजूला ठेवून ‘हर-टू असेल तर आयुष्य कमी की जास्त’ असे विचारले, तर वेगवेगळ्या अभ्यासांची उत्तरे वेगवेगळी आहेत. म्हणून अहवालात ‘पॉझिटिव्ह’ दिसले की घाबरून जाणे चूक आहे. इथे पॉझिटिव्ह म्हणजे औषधाचा आणखी एक पर्याय.

‘१४ महिने’ म्हणजे नेमके काय?

मध्यक आयुर्मान १४ महिने याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याआधी गेले आणि निम्मे त्यापुढे जगले. त्या पुढच्या निम्म्यांत १५ महिने जगलेला असतो आणि १० वर्षे जगलेलाही असू शकतो.

जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांना १९८२ मध्ये पोटातील आवरणाचा दुर्मीळ कर्करोग झाला. त्या आजाराचे मध्यक आयुर्मान आठ महिने आहे, हे त्यांनी ग्रंथालयात वाचले. मध्यकाचा हा अर्थ समजावून सांगणारा लेख त्यांनी १९८५ मध्ये लिहिला आणि निदानानंतर ते २० वर्षे जगले. प्रत्येकाचे असे होईल, हा त्याचा अर्थ नाही. आकडा गटाचा असतो, माणसाचा नसतो, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांनी एक आकडा सांगण्याऐवजी ‘सर्वसाधारण, बरी आणि वाईट’ अशी तिन्ही शक्यतांची कक्षा सांगितली, तर घरातले निर्णय अधिक शहाणपणाने होतात.

नवनवीन ‘जनुकसंचां’चे दावे किती खरे?

दर महिन्याला कुठे ना कुठे ‘अमुक जनुकांवरून आयुर्मान सांगता येते’ असा शोधनिबंध येतो. यातील बरेच निबंध त्याच त्या सार्वजनिक माहितीसाठ्यावर बेतलेले असतात. हजारो जनुके आणि काहीशे रुग्ण असले की योगायोगानेही जुळणारी पाच-दहा जनुके सापडतातच. जुन्या प्रश्नपत्रिका पाठ करून त्याच प्रश्नपत्रिकेत पैकीच्या पैकी गुण मिळवण्यासारखे हे आहे. खरी परीक्षा नव्या रुग्णांवर, दुसऱ्या देशात, दुसऱ्या प्रयोगशाळेत होते आणि तिथे अनेक दावे टिकत नाहीत. खुणांवरील संशोधन कसे मांडावे, याची ‘रिमार्क’ ही मार्गदर्शक तत्त्वे २००५ मध्येच जाहीर झाली, ती याच कारणाने. कोरियातील संशोधकांनी चार जनुकांवर आधारित चाचणी मोठ्या ‘क्लासिक’ चाचणीतील रुग्णांच्या नमुन्यांवर पडताळून २०१८ मध्ये मांडली. असे अपवाद आहेत, पण थोडे.

घरातल्यांनाही तपासणी हवी का?

बहुतांश रुग्णांत गाठीतील बदल त्या गाठीपुरतेच असतात, ते मुलांकडे जात नाहीत. अपवाद ‘सीडीएच१’ जनुकाचा. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे जठराच्या कर्करोगाने जात होती. त्या कुटुंबाने स्वतः पुढाकार घेऊन संशोधकांना साथ दिली आणि १९९८ मध्ये या जनुकातील दोष सापडला. आता अशा कुटुंबांतील दोष असलेल्यांना गाठ होण्याआधीच सावध करता येते. घरात दोन-तीन जणांना हा आजार झाला असेल किंवा पन्नाशीच्या आत विखुरलेल्या प्रकारची गाठ झाली असेल, तर जनुकीय समुपदेशन घ्यावे.

भारतात अडचण कुठे आहे?

पहिली अडचण नमुन्याचीच. जठराच्या गाठीत हर-टू सगळीकडे सारखे नसते. एका कोपऱ्यात असते, शेजारी नसते. त्यामुळे एंडोस्कोपीत एकच तुकडा घेतला तर उत्तर चुकू शकते, किमान पाच-सहा तुकडे लागतात. ते योग्य प्रमाणातील फॉर्मेलिनमध्ये ६ ते ७२ तास राहावे लागतात. तालुक्याच्या गावातून शहरातील प्रयोगशाळेत जाणारा नमुना आठवडाभर बाटलीत पडून राहिला, तर महागडी चाचणीही फसते.

दुसरी अडचण पैशांची. ट्रास्टुझुमॅबचे पहिले भारतीय बायोसिमिलर २०१४ मध्ये बाजारात आले आणि ते औषध पूर्वीपेक्षा आवाक्यात आले. इम्युनोथेरपीचे तसे नाही. ‘आयुष्मान भारत’मध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. इम्युनोथेरपीच्या पूर्ण उपचारापुढे ही रक्कम तोकडी पडते. खूण सापडली, पण औषध परवडत नाही, ही अवस्था निदान न होण्याइतकीच क्रूर आहे.

तिसरी अडचण सर्वात मोठी आहे, ती म्हणजे उशीर. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी होते. तिथे २०१० ते १४ दरम्यान निदान झालेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के, तर जपानमध्ये सुमारे ६० टक्के रुग्ण पाच वर्षे जगले. हा फरक प्रामुख्याने लवकर निदानाचा आहे. आपल्याकडे ‘ॲसिडिटी’ म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या जातात आणि अनेकांची एंडोस्कोपी होते तेव्हा गाठ पसरलेली असते.

पुढे काय व्हायला हवे?

आजार पसरलेल्या प्रत्येक रुग्णाची हर-टू आणि एमएसआय चाचणी सरकारी रुग्णालयातही व्हायला हवी. त्यासाठी शेकडो जनुकांची महाग तपासणी लागत नाही. पॅथॉलॉजी विभागात ऊतींना रंग देऊन होणारी चाचणी बहुतेक वेळा पुरते. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ने औषधांची एकत्रित खरेदी करून किमती खाली आणता येतात, हे दाखवले आहे. तोच मार्ग चाचण्यांसाठीही खुला आहे. टाटा रुग्णालयातील संशोधकांनी डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबचा अगदी अल्प डोस वापरून एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर नेले. जठराच्या कर्करोगात असे होईल का, हे चाचणीनेच ठरेल. मात्र आपले प्रश्न आपल्या रुग्णांवर तपासले पाहिजेत, हा धडा त्यात आहे.

रुग्णांसाठीही काही प्रश्न हाताशी असावेत. गाठीची हर-टू आणि एमएसआय तपासणी झाली का? निकालाने उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल, तर त्या चाचणीवर कर्ज काढण्याची गरज नाही. आणि ज्यांना अजून निदान झालेले नाही, त्यांनी विनाकारण घटलेले वजन, काळी शौच, गिळताना अडथळा, वारंवार उलट्या किंवा अचानक आलेला अशक्तपणा यांकडे ॲसिडिटी म्हणून काणाडोळा करू नये. गाठीच्या खुणा काही महिने मिळवून देतात, कधी वर्षेही. वेळेवर केलेली एंडोस्कोपी मात्र अनेकदा संपूर्ण आयुष्य परत देते.