संगणक कोणत्या जातीचा घ्यायचा?

– ऊसविकास अधिकारी, शेतकी विभाग



शेतकी विभागाचे जुने संगणक बदलण्याचा विषय संचालक मंडळापुढे आहे. विंडोज 10 ची नियमित साथ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली, आणि आपल्या बऱ्याच यंत्रांवर विंडोज 11 बसत नाही. तेव्हा बदल करावाच लागणार. वाद आहे तो विंडोज घ्यायचे की लिनक्स, याचा. लिनक्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून ते पारडे सध्या जड दिसते.

वाशी म्हटले की आपल्याला साखरेचा भाव आठवतो. पण तिथे संगणकवाल्या कंपन्याही पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या एकीचे प्रात्यक्षिक पाहायला आम्ही गेलो होतो. पडद्यावर रंगीत नकाशे, आलेख, सगळं झकास. आमची जुनी लागण-नोंद यावर उघडेल का, एवढंच मी विचारलं. उत्तर मिळालं, ‘नवीन करून देऊ.’ माझ्या मते खरी अडचण इथंच आहे. ट्रॅक्टर नवा आला आणि घरचा नांगर त्याला बसेना, तर ट्रॅक्टरची किंमत नांगरासकट धरावी लागते.

आपली नोंद डॉसच्या काळातील फॉक्सप्रोमध्ये आहे. ‘विंडोजच घ्या, जुनं सगळं चालेल,’ असे म्हणणारेही चुकतात. विंडोज 11 फक्त 64 बिटचे आहे, आणि त्यावर डॉसचे 16 बिटी प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्ससारखी युक्ती दोन्हीकडे करता येते. पण हंगामात वजनकाट्यावर बैलगाड्यांची रांग लागलेली असताना असली कसरत मला मान्य नाही. काट्याची वायर ज्या जुन्या सिरियल पोर्टात जाते, तो पोर्टही नव्या यंत्रांना बहुधा नसतो.

नावांची गत वेगळी नाही. मराठी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचे भारतीय मानक 1991 मध्ये आले, तरी फॉन्टवाल्यांनी आपापली मांडणी चालू ठेवली. त्यामुळे जुन्या फॉन्टातले नाव युनिकोडमध्ये नीट न बदलता उघडले, तर ‘पाटील’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

कचरा निदान डोळ्यांना दिसतो तरी. तारीख मात्र गुपचूप बदलते. 08/01 म्हणजे आपल्याकडे 8 जानेवारी, सुरू हंगामाची लागण. अमेरिकी पद्धतीने वाचणाऱ्या यंत्राला ती 1 ऑगस्ट वाटते, म्हणजे सुरूचा ऊस आडसाली झाला! तोडीचा क्रम लागणीच्या तारखेवर ठरतो. त्या सभासदाचा ऊस तुरा येऊन उभा राहील, वजन घटेल, आणि चिटबॉयशी भांडण होईल ते वेगळंच. शिवाय 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल 14 दिवसांत द्यायचे असते. तिथे नाव आणि खाते जुळले नाही तर कोणाला धरायचं?

वारणेचे उदाहरण पाहा. 1998 मध्ये तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याचे काम सुरू झाले. पुढे त्यातल्या 7 गावांत गावातल्या संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसेमेसवर टनेज आणि तोडीची माहिती देण्याचा प्रयोग झाला. गावातले यंत्र बदलले, तरी कारखान्यातली नोंद शाबूत होती म्हणूनच ते जमले.

म्हणून माझे मत असे, की निविदेत यंत्राच्या आधी नोंदीची अट घालावी. एका गटाची गेल्या हंगामाची नोंद विक्रेत्याला द्यावी. नाव, तारीख, क्षेत्र, वजन यांचा ताळा आपल्यासमोर जुळवून दाखवला तरच दर उघडावा. नोंद कधीही साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढून मिळेल, हेही लिहून घ्यावे. या परीक्षेत उतरले तर गट कचेऱ्यांना लिनक्स खुशाल घ्या. काट्यावर आणि हिशेब खात्यात मात्र तूर्त विंडोजच ठेवावे, कारण काट्याचा प्रोग्रॅम त्याच्यासाठीच केलेला आहे. पहिला हंगाम जुनी आणि नवी नोंद शेजारी शेजारी चालवावी. काम दुप्पट होईल, माझे कर्मचारी कुरकुरतील, कुरकुरू द्या.

गट कचेरीत लागण-नोंदीची यादी लावण्यास सांगितले आहे. आपली तारीख आणि जात पावतीशी ताडून पाहा, फरक असल्यास पावती घेऊन चिटबॉयकडे या.