चंगळवादाला शिव्या घालून भागणार नाही

स्वतःविषयी करुणा बाळगल्याने वस्तूंची हाव ओसरू शकते, असे मानसशास्त्रज्ञ म्हणाले रे म्हणाले, की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे पुढे सरसावतात. पहिली म्हणतात, 'आधीच पिढी लाडावलेली, त्यात हे आणखी लाड!' दुसरी त्याच बातमीच्या आधारे सुगंधी मेणबत्त्या विकायला काढतात. मूळ संकल्पना दोघांनीही वाचलेली नसते.

टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची मांडणी केली. अपयशाच्या क्षणी स्वतःशी दयेने वागणे, चुकणे हा सर्वांचाच वाटा आहे हे ओळखणे, आणि दुःख न नाकारता, न फुगवता त्याकडे सजगपणे पाहणे. यात खरेदी कोठेच नाही.

आता वस्तुलालसेकडे पाहू. (तिला 'भौतिकवाद' म्हणण्याची रीत आहे, चार्वाकांवर हा अन्याय कशाला?) रिचिन्स आणि डॉसन यांनी १९९२ मध्ये तिची जी मोजपट्टी तयार केली, तिच्यातही तीन गोष्टी आहेत : वस्तू आयुष्याच्या केंद्रस्थानी असणे, सुख त्यांच्यातच शोधणे आणि यश त्यांच्यावरूनच मोजणे. या तिसऱ्या गोष्टीत सगळी मेख आहे. आपण कमी पडतो असे ज्याला सतत वाटते, त्याच्यासाठी नवा फोन हे यंत्र नसते, प्रमाणपत्र असते. अशा माणसाला 'लाज वाटत नाही का, हप्त्यांवर चैन करतोस!' असे सुनावणे म्हणजे त्याच्या उणेपणात भर घालणे. लाजेतून सुटायला तो पुन्हा दुकानातच जाणार. आपले चंगळवादविरोधी प्रवचनकार बाजाराचे बिनपगारी विक्रेते आहेत, असे मी म्हणतो ते यामुळे.

करुणेने माणूस ढिला पडतो, हा आक्षेपही तपासला गेला आहे. ब्राइन्स आणि चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांत अवघड शब्दपरीक्षेत अपयशी ठरलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःशी सौम्यपणे वागायला सुचवले, त्यांनी पुढच्या परीक्षेचा अभ्यास अधिक वेळ केला. ज्यांची केवळ स्तुती केली, त्यांनी तेवढा केला नाही.

तरीही बातमी देणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा. प्रश्नावलीत दोन गोष्टी सोबत आढळल्या, म्हणून एकीने दुसरी घडवली असे सिद्ध होत नाही. शिवाय ज्याचा पगार वीस तारखेलाच संपतो, त्याची गरज लालसेत मोजून त्याला ध्यानाला बसवणे हा निव्वळ निर्दयपणा आहे. उसनवारीचा प्रश्न धोरणाचाही आहे : नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण वगळता अन्य ग्राहककर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, तो काही कोणाच्या मनःशांतीसाठी नव्हे.

आणि ही 'पाश्चात्त्य थेरं' आहेत असे म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. नेफ यांना ही कल्पना बौद्ध ध्यानाच्या वर्गात गवसली. बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाचव्या शतकातील पाली ग्रंथात मैत्रीभावनेचा आरंभ कोणापासून करावा हे स्पष्ट सांगितले आहे : स्वतःपासून.