हे अश्रू मोठ्यांचेच आहेत

पिक्सारच्या ‘अप’ (२००९) या अ‍ॅनिमेशनपटाच्या सुरुवातीला सुमारे साडेचार मिनिटांचा एक तुकडा आहे. त्यात एकही संवाद नाही. कार्ल आणि एली यांचं लग्न होतं, जुनं घर दोघं मिळून नीटनेटकं करतात, बाळाच्या खोलीची भिंत रंगवतात. आणि लगेच पुढच्या दृश्यात एली डॉक्टरांच्या खोलीत ओंजळीत तोंड लपवून बसलेली दिसते. दूरच्या एका धबधब्याकाठी जायचं म्हणून बरणीत पैसे साठू लागतात. गाडीचं टायर फुटतं, पाय मोडतो, घराच्या छपरावर झाड कोसळतं, आणि दर वेळी ती बरणी फोडावी लागते. केस पिकतात. कार्ल एकदाची तिकिटं काढतो तोवर उशीर झालेला असतो. मायकेल जियाकिनो यांची एकच चाल आधी नाचरी वाजते आणि शेवटी पियानोवर अडखळत, संथ उतरते. डॉक्टरांच्या खोलीत काय सांगितलं गेलं हे सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, कळायचं काही कारणही नाही. बरणी फोडण्यातली बोच तर मुलांच्या फीसाठी किंवा वडिलांच्या ऑपरेशनसाठी ज्यानं ठेव मोडली असेल त्यालाच समजते. असे सिनेमे पाहताना मोठी माणसं रडतात ती त्यांच्यातलं मूल जागं होतं म्हणून, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे निदान चुकीचं वाटतं. हे अश्रू बालपणाकडे परतल्याचे नाहीत. बालपण संपल्यावर जे भोगलं, त्याचे आहेत.

मुलांसाठी म्हणून दाखवल्या जाणाऱ्या उत्तम अ‍ॅनिमेशनपटांचा नायक कोण आहे, हे एकदा नीट पाहायला हवं. ‘अप’चा नायक ७८ वर्षांचा विधुर आहे. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) हे नाव हरवलेल्या पिल्लाचं असलं तरी गोष्ट त्याच्या बापाची आहे: बायको आणि जवळजवळ सगळी अंडी एका हल्ल्यात गमावलेला, आणि म्हणून उरलेल्या एकुलत्या पिल्लाला श्वास घेऊ न देणारा बाप. ‘टॉय स्टोरी ३’ (२०१०) मध्ये खेळण्यांचा मालक अँडी कॉलेजला निघतो. त्याची आई त्याच्या रिकाम्या झालेल्या खोलीत पाऊल टाकते आणि बोलता बोलता तिचा श्वास अडकतो. काही सेकंदांचं दृश्य आहे. मुलांच्या लेखी त्या क्षणी खोक्यातल्या वुडी या त्याच्या खेळण्याचं पुढे काय होणार हा प्रश्न महत्त्वाचा असतो. आईबापांना मात्र आपल्याच घरातली एक खोली दिसते, आज भरलेली आणि आणखी काही वर्षांनी रिकामी होणारी. वुडीही त्या दोघांचा निरोप ऐकतो आणि त्यानंतरच आपला निर्णय बदलतो, हे पटकथेतलं मर्म आहे: धरून ठेवण्याऐवजी सोडून द्यायचं, हे खेळणं एका आईकडून शिकतं. पहिला ‘टॉय स्टोरी’ १९९५ सालचा. तो लहानपणी पाहिलेली मुलं तिसऱ्या भागापर्यंत अँडीच्या वयाला किंवा त्याच्याही पुढे पोचली होती, आणि त्यांना तेव्हा हात धरून थिएटरात नेलेले पालक आता पन्नाशीकडे झुकलेले होते. एवढा काळ खरोखर लोटल्याशिवाय हा प्रसंग असा भिडलाच नसता.

आता खरा अवघड प्रश्न. हीच दुःखं माणसांनी अभिनय करून दाखवलेल्या सिनेमांतही असतात. मग रेखाटलेल्या चेहऱ्यापुढे बांध इतक्या सहज का फुटतो? यावर सिनेमाउद्योगानं नकळत एक प्रयोगच करून ठेवला आहे. ‘द लायन किंग’ १९९४ मध्ये हातानं रेखाटला गेला आणि २०१९ मध्ये संगणकाच्या मदतीनं खऱ्याखुऱ्या सिंहांसारखा दिसेल असा पुन्हा बनवला गेला. गोष्ट तीच, संगीतकार हान्स झिमर तेच, सिंबाच्या बापाचा, मुफासाचा, आवाजही दोन्ही वेळा जेम्स अर्ल जोन्स यांचाच. मेलेल्या बापाच्या पंजाखाली शिरून निजणारा सिंबाही दोन्हीकडे आहे. तरी नव्या सिनेमाबद्दल समीक्षकांची मुख्य तक्रार हीच होती की चेहऱ्यांवर काही दिसतच नाही. सिंहाच्या तोंडाचा केस न् केस खरा झाला आणि त्या धडपडीत सिंबाचं पोरकेपण हरवलं. सिनेमानं अमाप पैसा मिळवला हे खरं. पण लोकांना ज्या प्रसंगानं हलवलं होतं तो १९९४ चाच राहिला.

भावना जागवायला तपशील किती कमी पुरतात, याचा पुरावा त्याहून जुना आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये एक छोटी फिल्म लोकांना दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारी एक चौकट एवढंच होतं. पाहणाऱ्यांनी जवळपास एकमुखानं त्याची गोष्ट सांगितली: मोठा त्रिकोण दांडगट, वर्तुळ घाबरलेलं, छोटा त्रिकोण त्याच्या मदतीला धावणारा. चित्रकथांचे अभ्यासक स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात याच धर्तीवर म्हटलं आहे की बारकाव्यांनी भरलेला चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तर चार रेषांतल्या चेहऱ्यात आपण स्वतःला पाहतो. आपल्याकडे ही चर्चा हजार वर्षांपूर्वीच झाली आहे. रंगमंचावरचा शोक आपला नसतो, पूर्णपणे परक्याचाही नसतो, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो, हे भट्टनायकानं मांडलेलं आणि अभिनवगुप्तानं पुढे नेलेलं साधारणीकरण मराठीत रसचर्चा वाचलेल्या कुणालाही परिचित आहे. नट कितीही मोठा असला तरी त्याचा चेहरा त्याचा असतो; त्याच्या आधीच्या भूमिका, त्याचं वय, त्याच्या जाहिराती सगळं बरोबर येतं. कार्लच्या चौकोनी चेहऱ्याला असा इतिहास नाही. तो एलीचा नवरा आहे आणि त्यापलीकडे कुणीच नाही, म्हणून पाहणाऱ्याला आपलं माणूस तिथं बसवायला जागा मिळते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीची चित्रं यांच्या आधारानं रामायण-महाभारत सांगण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लाकडाची सीता आणि कागदावरचा राम सगळ्या गावासाठी होते. बाहुल्या आणि चित्रं पोरांपुरती, ही समजूत अलीकडची आहे.

एक आक्षेप जोरदार आहे आणि त्याला बगल देऊ नये. हे अश्रू कंपन्या ठरवून काढतात, असं म्हणतात. संगीत कुठे चढवायचं, कुणाला कधी मारायचं, याचे आडाखे बांधलेले असतात. प्रेक्षकाच्या डोळ्यांतलं पाणी हा त्यांच्या मालाचा भाग असतो. यात तथ्य आहे. केवळ रडवण्यासाठी मारलेला कुत्रा किंवा ऐन वेळी आठवलेली आई असलेले सिनेमे पुष्कळ आहेत. पण ठरवून केलेलं असणं हा कलेत दोष नव्हे. कीर्तनकारही कुठे थांबायचं ते ठरवूनच उभा राहतो. तपासायचं ते हे, की भावनेची किंमत आधी मोजली आहे का. ‘कोको’ (२०१७) मध्ये एकच गाणं तीनदा वेगळ्या अर्थानं येतं. आधी ते एका नावाजलेल्या गायकाच्या झगमगाटी कार्यक्रमातलं, थोडं पोकळच वाटणारं गाणं असतं. मग कळतं की ते मुळात एका बापानं घरापासून दूर जाताना लेकीसाठी रचलेली अंगाई होती. शेवटी मिगेल हा पणतू ते त्याच लेकीसमोर गातो. ती आता खुर्चीत बसलेली, घरच्यांनाही न ओळखणारी पणजी झालेली असते. एवढा पल्ला गाठल्यावर तिचे ओठ हलतात तेव्हा जे दाटून येतं, त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस आहे त्यांना ठाऊक असतं की नावं पुसली गेल्यावरही कधी कधी जुनी चाल उरते. मृताला कुणीच आठवत नाही तेव्हा तो दुसऱ्यांदा मरतो, ही त्या मेक्सिकन गोष्टीतली कल्पना पितृपंधरवड्यात पान वाढणाऱ्या घराला समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा आक्षेप लाजेचा आहे: मोठ्या माणसानं कार्टून पाहून रडावं का? तो इतिहासापुढे टिकत नाही. २१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसमध्ये ‘स्नो व्हाइट’चा पहिला खेळ झाला. निपचित पडलेल्या स्नो व्हाइटभोवती बुटके शोक करू लागले तेव्हा हॉलीवूडची मातब्बर मंडळी रडत होती. कान महोत्सवाचं २००९ मध्ये ‘अप’नंच उद्घाटन झालं; अ‍ॅनिमेशनपटाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. असं असूनही २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात अ‍ॅनिमेशनच्या पुरस्काराची ओळख करून देताना हे सिनेमे म्हणजे मुलांनी पुनःपुन्हा लावायचे आणि पालकांनी सोसायचे, असाच सूर होता, आणि ते बनवणाऱ्यांना तो लागला. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’साठी (१९५३) महाराष्ट्रातल्या मोठ्या माणसांनी उघडपणे डोळे पुसले, आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्या सिनेमाला मिळाला. नायक लहान मुलगा आहे म्हणून कुणी त्याला पोरांचा सिनेमा ठरवलं नाही. मग पडद्यावर माणसाऐवजी रेषा आली की बापमाणूस अंधारात गुपचूप चष्मा का पुसतो? आपल्या मराठी पत्रांतही या सिनेमांचं परीक्षण सुट्टीतल्या मुलांसाठीच्या शिफारशींत चार ओळींत उरकलं जातं. त्यांच्या पटकथेचा, रेषेचा, संगीताचा विचार व्हायला हवा तसा होत नाही, आणि याचा मला मनापासून खेद वाटतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तोच मला सर्वांत गंभीर वाटतो. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात एका रशियन बाईचं उदाहरण दिलं आहे. ती नाटकातल्या पात्रांसाठी रडते आणि बाहेर तिचा गाडीवान थंडीनं गारठून मरतो. पडद्यापुढे वाहिलेलं पाणी माणसाला असंच बधिर करत असेल तर त्याचं कौतुक कशाला? पण जेम्स यांनी तिथंच उपायही सांगितला आहे: भावना जागी झाली की तिच्या मागोमाग काहीतरी करावं, मग ते वडीलधाऱ्या नातेवाइकाशी आपुलकीनं बोलण्याइतकं किंवा घोडागाडीत कुणाला जागा देण्याइतकं छोटं का असेना. कुटुंबानं मिळून पाहायच्या सिनेमाचा फायदा असा की ज्याच्यासाठी काही करायचं ते माणूस बहुतेकदा शेजारच्याच खुर्चीत असतं. ‘इनसाइड आउट’ (२०१५) मध्ये माणसाच्या भावनाच पात्रं आहेत. त्यात बिंग बाँग हा काल्पनिक मित्र आपली गाडी गमावून बसतो. आनंद त्याला हसवायला पाहते आणि ते जमत नाही. दुःख नुसती त्याच्याजवळ बसून ऐकून घेते, तो रडतो आणि मग उठून चालू लागतो. पॉल एकमन आणि डॅकर केल्टनर या भावनांच्या अभ्यासकांचा सल्ला घेऊन रचलेली ही गोष्ट दीड तास मुलाला सांगते की रडणं ही जवळच्यांना घातलेली हाक आहे. त्यानंतर मूल विचारतं, बाबा, तुम्ही रडताय? आणि उत्तर येतं, छे, डोळ्यांत काहीतरी गेलं. तेवढ्या एका वाक्यात सिनेमानं कमावलेलं सगळं घालवलं जातं. तुझ्या पणजीची आठवण आली, तीही शेवटी कुणाला ओळखत नव्हती, असं सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि मग घरी जाईपर्यंत मूल त्या पणजीबद्दल विचारत राहतं.