नकली रोलेक्सच्या पोटातलं 'सेम' मशीन

तर मंडळी, या विकांताचा विषय: घड्याळ. खिशातल्या मोबाईलवर वेळ दिसत असताना मनगटावर घड्याळ कशाला, हा वाद आज नको. ज्यांना घड्याळं आवडतात त्यांना तो प्रश्न विचारून काही उपयोग नसतो. आजचा प्रश्न त्याहून गमतीदार आहे. आयटीतल्या पोरांमध्ये हल्ली नकली रोलेक्सची एक उच्चवर्णीय जात निघाली आहे. फुटपाथवरची 'फर्स्ट कॉपी' नव्हे हं! चांगले पाच आकडी पैसे मोजून मागवलेली. आणि तिचं समर्थन एकाच वाक्यात होतं: "अरे, आतलं मशीनपण सेम आहे!"

माझं म्हणणं सरळ आहे. त्या 'सेम' मशीनपायी मोजलेला प्रत्येक जादा रुपया पाण्यात. हे मी सोवळं नेसून म्हणत नाहीये. नीतीकडे नंतर येऊच, आधी निव्वळ इंजिनिअर म्हणून बोलतो.

'सेम' म्हणजे नक्की काय? नकली घड्याळात मशीन दोन प्रकारचं असतं. पहिला प्रकार म्हणजे ईटीए २८२४ या स्विस मशीनची चिनी आवृत्ती. दिसायला रोलेक्ससारखं वाटावं म्हणून कधी कधी वरून नक्षीची पट्टी बसवलेली. जुन्या कोडवर नवा स्किन चढवावा तसं. दुसरा प्रकार म्हणजे रोलेक्सच्या स्वतःच्या मशीनचा, उदाहरणार्थ ३१३५ चा, भागन् भाग उतरवून काढलेला 'क्लोन'. महाग असतो तो हा, आणि भाव खातो तोही हाच.

आता गंमत बघा. मूळ २८२४-२ हे काही टाकाऊ मशीन नाही. २५ ज्वेल्स, सेकंदाला ८ ठोके, एकदा पूर्ण चावी दिली की साधारण ३८ तास चालतं. कित्येक नामांकित स्विस ब्रँड्सनी वर्षानुवर्षं हेच वापरलं. घड्याळ पुढे-मागे जाऊ लागलं तर आत एक बारीक कळ असते, ती किंचित सरकवायची. कुठल्याही बऱ्या घड्याळजीला हे येतं.

रोलेक्सच्या ३१३५ मध्ये, जे १९८८ पासून २०२० पर्यंत सबमरिनर डेटमध्ये होतं, ही कळच नाही. तिथे बॅलन्स व्हीलच्या कडेवर मायक्रोस्टेला नावाचे चिमुकले नट असतात. ते खास अवजाराने फिरवून वेग जुळवतात. बॅलन्स दोन्ही बाजूंनी टेकलेल्या पुलाखाली असतो, हेअरस्प्रिंगचं शेवटचं वळण वर उचललेलं असतं. रचना सुंदर आहे, वादच नाही. पण ती सुंदर ठरते कधी? धातू योग्य असेल, नट बरोबर वजनाचे असतील आणि कुणीतरी वेगवेगळ्या स्थितींत ठेवून, मोजून, जुळवून दिलं असेल तेव्हा. नंतरच्या ३१३५ मधली पॅराक्रोम हेअरस्प्रिंग निळी दिसते. क्लोनवाला निळा रंग देईलही, पण निओबियम-झिर्कोनियमच्या मिश्रधातूचं काय? चुंबकापासून वाचवतो तो धातू, रंग नव्हे.

थोडक्यात काय, तर क्लोन जितका इमानदार, तितकं तुमचं घड्याळ दुरुस्तीला अवघड! साधं, जुळवायला सोपं मशीन काढून तुम्ही त्याजागी असं मशीन घातलंत, ज्याचा फायदा फक्त मूळ कारखान्याच्या काटेकोरपणामुळे मिळतो. तो काटेकोरपणा सोडून बाकी सगळं उचललं. आपल्या भाषेत सांगायचं तर डिझाईन कॉपी केलं, टेस्टिंग केलंच नाही.

बरं, दुरुस्ती. दर पाच-सात वर्षांनी ऑटोमॅटिक घड्याळ उघडून, धुऊन, नवं तेल घालावं लागतं. क्लोनचं काय करणार? अधिकृत सर्व्हिस सेंटर नकली घड्याळाला हात लावत नाही. कोपऱ्यावरच्या काकांकडे त्याचा सुटा भाग नाही. ज्याने बनवलं त्याचं नाव नाही, गाव नाही, बिल नाही. डॉक्युमेंटेशन नाही, सपोर्ट नाही, व्हेंडर गायब. हापिसात असली लायब्ररी कुणी प्रोजेक्टमध्ये घातली तर आपण त्याला फाडून खाऊ. मनगटावर मात्र चालते?

आता समोरच्याची बाजूही मांडतो. नकली डेटोनामध्ये क्लोनचा एक फायदा खरा आहे. पूर्वी तिथे ७७५० जातीचं मशीन घालत. ते जाड, ७.९ मिमी. शिवाय त्याचा चालू सेकंदकाटा ९ च्या जागी, तर अस्सल डेटोनाचा ६ च्या जागी. मग मध्ये जादा चाकं घालून तो ६ वर ओढायचा. हा जुगाड घर्षणाने आजारी पडायचा. ४१३० चा क्लोन आल्यावर ती भानगड संपली. मान्य. पण दुखणं मुळात कशाचं होतं? दुसऱ्याच्या तबकडीची हुबेहूब नक्कल करण्याच्या हट्टाचं. हट्ट सोडला की ७७५० ठणठणीत चालतं.

आणि सगळ्यात मोठा विनोद सांगू? बहुतेक रोलेक्सचं पाठचं झाकण पोलादी आणि बंद असतं. आतलं मशीन मालकालासुद्धा दिसत नाही! म्हणजे ही नक्कल नेमकी कुणासाठी? मित्रांसाठी डायल पुरेशी आहे. अचूकतेसाठी म्हणाल, तर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू महिन्याला ३० सेकंदांच्या आत-बाहेर राहतं. स्विस क्रोनोमीटरच्या कसोटीत दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद चालतात.

आता नीती. "रोलेक्स तरी कुठे खऱ्या किमतीला विकतात? निम्मे पैसे नावाचे!" असा युक्तिवाद असतो. असेल की. मग तेच नाव स्वतःच्या मनगटावर कशाला? नावाचा राग आणि नावाचाच मोह, एक काहीतरी ठरवा राव.

मशीनची नक्कल हा गुन्हा नाही, हे लक्षात घ्या. पेटंट २० वर्षांनी संपतं, मग रचना सगळ्यांची. सेलिटा ही स्विस कंपनी २८२४ च्या रचनेवरून एसडब्ल्यू२०० बनवते आणि स्वतःच्या नावाने उजळ माथ्याने विकते. चीनमधल्या तिआनजिनच्या सी-गलचं एसटी१९ हे व्हीनस १७५ या जुन्या स्विस मशीनवरून आलेलं आहे. रीतसर यंत्रसामग्री विकत घेऊन त्यांनी ते उभं केलं. आपल्या एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनकडून तंत्रज्ञान घेऊन बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि डायलवर 'एचएमटी' असंच लिहिलं. 'जनता' मनगटावर बांधून एक अख्खी पिढी नोकरीवर गेली. २०१६ मध्ये सरकारने ती कंपनी बंद करायचं ठरवलं, पण त्या घड्याळांची लाज कधी कुणाला वाटली नाही.

खोटेपणा मशीनमध्ये नसतो, डायलवरच्या नावात असतो. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून हिशोब असा. तुम्हाला यंत्राची आवड असेल, तर त्याच पैशात सेलिटा, सी-गल, सायकोचं एनएच३५ असलेलं प्रामाणिक घड्याळ येतं. काचेच्या पाठीचं घ्या, रोज बघत बसा. आणि तुम्हाला फक्त नावाची हौस असेल, तर आत काय आहे याने तुम्हाला काडीचाही फरक पडत नाही, स्वस्तातलं घ्या. दोन्हीकडून क्लोनवर पैसे टाकायचं कारण उरत नाही. उरतं ते एवढंच, की 'नकली वापरतो' ही टोचणी 'पण मशीन सेम आहे' म्हणून बुजवता येते. त्या समाधानासाठी पाच आकडी किंमत मला तरी महाग वाटते.

असो. जुन्या कपाटात आजोबांचं चावीचं घड्याळ पडलं असेल तर सोमवारी घड्याळजीकडे टाकून या. तेल-पाणी केलं की चालेल बहुतेक.