व्याजदर पाहिला, पण जोतं पाहिलं का?

बदलापूर-वांगणी पट्ट्यात घर घ्यायला आलेल्या माणसाने विचारावा असा पहिला प्रश्न म्हणजे '२०१९ला इथे पाणी कुठवर आलं होतं?' स्टेशन किती लांब, हे त्यानंतर. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्या चामटोलीजवळ अडकली आणि शेकडो प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. नदीकाठच्या माणसाला तेव्हापासून वेगळं सांगावं लागत नाही. टाइल्स कितीही भारी असोत, आधी जोत्याची उंची बघायची.

मग बँकेत पैसे ठेवताना आपण एवढं साधं शहाणपण का विसरतो? पहिला पगार होतो, कुणीतरी सांगतं की अमुक बँक एफडीवर अर्धा टक्का जास्त देते, आणि आपण फॉर्म भरून मोकळे. बँकेचं जोतं किती उंच आहे, हे विचारतच नाही.

बँकेचं जोतं म्हणजे तिचं भांडवल. बँक जे कर्ज वाटते त्यातला बहुतेक पैसा तुमचा-माझा असतो, ठेवीदारांचा. बँकेचा स्वतःचा म्हणजे भागधारकांनी घातलेला आणि नफ्यातून बाजूला ठेवलेला पैसा थोडाच. पण कर्ज बुडलं की नुकसान आधी या थोड्या पैशातून भरलं जातं. तो संपला की पाणी घरात शिरतं, म्हणजे थेट ठेवींना लागतं. कर्जांची जोखीम धरून हे भांडवल किती टक्के भरतं, त्या आकड्याला भांडवल पर्याप्तता प्रमाण किंवा सीआरएआर म्हणतात. 'बासल' नियमांत जगभरासाठी किमान ८ टक्के सांगितलंय, तर आपल्या रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना ९ टक्के आणि त्यावर अडीच टक्क्यांची राखीव भर घातलीय. नागरी सहकारी बँकांपैकी अगदी लहान बँकांना ९ टक्के, तर १०० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या बहुतेक बँकांना १२ टक्के गाठायला मार्च २०२६पर्यंतची मुदत दिली गेली.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर त्याच २०१९चा सप्टेंबर आठवा. पुराला दोन महिनेही झाले नव्हते. रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजे पीएमसी बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढायची मुभा दिली. बँकेने दिलेल्या एकूण कर्जापैकी जवळपास ७३ टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहाकडे अडकलं होतं, सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये. घरचं आजारपण, मुलांची फी, लग्न यांसाठी ठेवलेला पैसा पासबुकात दिसत होता, पण हातात येत नव्हता. २५ जानेवारी २०२२ला ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवी असलेल्या काहींच्या पैशाचा शेवटचा हप्ता तर दहा वर्षांनंतरचा आहे. आज बाविशीत असलेल्या मुलासाठी दहा वर्षं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

इथे कुणी म्हणेल, 'पण पीएमसीच्या कागदावर तर सीआरएआर १२ टक्क्यांहून जास्त होतं!' बरोबर आहे. आणि म्हणूनच नुसता आकडा बघून थांबायचं नाही. थकलेलं कर्ज चांगलं म्हणून दाखवलं, तर भांडवलाचा आकडाही खोटाच निघणार. शंभरातले बारा रुपये स्वतःचे आणि त्र्याहत्तर रुपये एकाच गिऱ्हाइकाकडे, या हिशेबात जोतं टिकेल कसं? त्यामुळे दुसरा प्रश्न असा की कर्ज किती जणांत वाटलंय, आणि थकीत किती आहे.

सहकारी बँकांची अडचण आणखी वेगळी आहे. खासगी बँक शेअर बाजारातून भांडवल उभं करू शकते. सहकारी बँकेचं भागभांडवल मुख्यतः सभासदांकडूनच येतं, आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. लोकशाही म्हणून ही गोष्ट मला आवडते. पण मोठा खड्डा पडला की तो भरायला पैसा चटकन येत नाही. सीकेपी बँकेचा परवाना २०२०मध्ये, पनवेलच्या कर्नाळा नागरी बँकेचा २०२१मध्ये आणि पुण्याच्या रुपी बँकेचा २०२२मध्ये रद्द झाला. ही सगळी आपल्याच घरातली नावं आहेत.

'विमा आहे ना!' हेही ऐकायला मिळतं. आहे. फेब्रुवारी २०२०पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून, हे लक्षात ठेवा. त्याआधी ही मर्यादा फक्त १ लाख होती. पण गल्लीतल्या पतपेढीला हा विमा लागू नाही. पिग्मीवाले काका रोज शंभर रुपये घेऊन जातात, ते बँकेत जातात की पतसंस्थेत, हे आईबाबांना आजच विचारा.

सहकारी बँका वाईट आहेत, असं मी म्हणत नाहीये. राष्ट्रीयीकृत बँक ज्याला दारात उभं करत नव्हती, त्या दुकानदाराला आणि रिक्षावाल्याला याच बँकांनी कर्ज दिलं. त्या टिकाव्यात म्हणूनच एक मागणी आहे. प्रत्येक शाखेत व्याजदराचा बोर्ड ठळक अक्षरात असतो. त्याच बोर्डावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, तीन आकडे मराठीत लिहा: भांडवल पर्याप्तता, थकीत कर्ज आणि सगळ्यात मोठ्या कर्जदाराकडे अडकलेला वाटा, अर्थात त्याच्या नावाशिवाय. याला कितीसा खर्च येईल? एका फ्लेक्सचा!

तोवर काम आपल्यालाच करायचंय. फोनमध्ये बँकेचा वार्षिक अहवाल उघडा, सीआरएआर आणि निव्वळ एनपीए शोधा, आणि गेल्या तीन वर्षांत ते आकडे कुठे सरकलेत ते बघा. घरात कुणी सभासद असेल, तर वार्षिक सभेला त्यांच्यासोबत अहवाल वाचून पाठवा. लाभांश किती आणि यंदा भेटवस्तू काय, हे विचारून झालं की त्यांनी उभं राहून एवढंच म्हणावं, 'साहेब, आपलं भांडवल किती, आणि सगळ्यात मोठं कर्ज बुडालं तर त्यातलं किती उरेल?' उत्तर द्यायला व्यासपीठावरचे लोक चुळबूळ करू लागले, तर पुढची एफडी कुठे करायची ते तुम्हाला कळलंच.