मोडलेल्या ग्लायडरची बाजू

शाळांच्या प्रदर्शनांत विमानांच्या प्रतिकृति मांडलेल्या असतात आणि बक्षीस बहुधा जिचा रंग अधिक चकचकीत तिला मिळतें. ती हवेंत टिकते कीं नाहीं, हें कोणी पाहत नाहीं. कित्येकदां ती वडिलांनीं केलेली किंवा बाजारांतून आणलेली असते, आणि परीक्षकांस हें कळत नाहीं असें थोडेंच आहे! हा प्रकार बंद व्हावा व दहा वेळां मोडून सुधारलेल्या ग्लायडरलाच मान मिळावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

साधें ग्लायडर करावयास लागतें तरी काय? बांबूची सरळ कामटी, पुठ्ठ्याचे पंख, मागें लहानशी आडवी व उभी शेपटी, आणि नाकाशीं मातीचा गोळा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एकतृतीयांशाच्या सुमारास गुरुत्वमध्य यावा. बोटांच्या टोकांवर तोलून पाहिलें कीं तो सांपडतो. पंखांचीं टोकें किंचित् वर उचललेलीं असावीं, म्हणजे एका अंगास कललेलें ग्लायडर आपोआप सांवरतें. येथवर सर्व सोपें आहे. खरें शिक्षण पहिल्या फेंकीनंतर सुरू होतें. नाक वर करून तें क्षणभर थबकलें व कोसळलें, तर नाकाशीं माती वाढवावी. सरळ गोता खाल्ला, तर थोडी काढावी. मात्र एका वेळीं एकच बदल करावा. माती वाढवून त्याच वेळीं शेपटीहि वांकविली, तर गुण कशाचा आला हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं. २ मीटर उंचीवरून सोडलेलें ग्लायडर १० मीटर गेलें, म्हणजे दर मीटर उतारास ५ मीटर. हा आंकडा तारखेसह वहींत उतरावा.

इंग्लंडांत सर जॉर्ज केली यांनीं १८०४ सालीं बनविलेलें ग्लायडर असेंच होतें : दांडीवर पतंगाच्या आकाराचा पंख, सरकवितां येणारें वजन व हलवितां येणारी शेपटी. राइट बंधूंचें १९०१ चें ग्लायडर अपेक्षेइतकें उचललें जाईना. तेव्हां डेटन येथें त्यांनीं एका लांबट पेटींत वाऱ्याचा झोत सोडून सुमारें २०० लहान पंख पारखले व टिपणें ठेविलीं. १९०२ चें यशस्वी ग्लायडर त्या टिपणांतून निघालें. १७ डिसेंबर १९०३ चें १२ सेकंदांचें उड्डाण मुलांस तोंडपाठ असतें. ती पेटी मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते.

घरांत पसारा होतो, अभ्यास बुडतो, ही पालकांची तक्रार अगदींच खोटी नाहीं. पण गणिताच्या वहींत चुकलेलें उत्तर मुलगा खोडून टाकतो; येथें चुकलेली फेंक जपून लिहून ठेवावी लागते. ही संवय त्यास दुसरीकडे क्वचितच लागते.

म्हणून पुढील प्रदर्शनासाठीं माझी सूचना अशी. सभागृहाच्या खिडक्या लावून, पंखे बंद करून, प्रत्येक मुलामुलीनें आपलें ग्लायडर ठराविक उंचीवरून तीनदां सोडावें, अंतर मोजावें आणि वही परीक्षकांपुढें उघडावी. वही नसेल त्यास बक्षीस नको, मग ग्लायडर भिंतीपर्यंत कां जाईना. आणि पालकांनीं पुठ्ठा व कामटी आणून द्यावी. कात्रीस हात लावूं नये.